वाजवणारा आणि वाजवून घेणारा : दुसऱ्याच्या अल्बममधली गिटार

'कर्ता' म्हणजे कोण, हा प्रश्न आपण या मालेत वेगवेगळ्या बाजूंनी तपासतो आहोत. आज त्यासाठी रेकॉर्डिंग स्टुडिओत जाऊ. अल्बमवर नाव एकाचं असतं आणि त्यातली गिटार दुसऱ्याच कुणाची तरी असते. कधी तो पाहुणा असतो, कधी तासाच्या हिशोबाने बोलावलेला वादक, ज्याला सेशन म्युझिशियन म्हणतात. लोकांच्या कानात वर्षानुवर्षं राहते ती मात्र अनेकदा नेमकी त्याची चार-सहा सुरांची ओळ. मग ती ओळ कुणाची?

आधी हत्यार परजून घेऊ. हत्यार जुनं आहे, पाणिनीचं. पाणिनीच्या मते क्रियेत जो स्वतंत्र असतो तो कर्ता, आणि क्रिया तडीस नेण्यात ज्याची सर्वाधिक मदत होते ते करण. सुतार करवतीने फळी कापतो. इथे सुतार कर्ता, करवत करण. पण पाणिनी पुढे आणखी एक बारीक गोष्ट सांगतो. कर्त्याला कामाला लावणारा जो असतो, तोही कर्ताच. शाळेत आपण 'प्रयोजक क्रियापद' शिकलो ना, तेच हे. घरमालक सुताराकडून फळी कापून घेतो. आता कर्ते दोन झाले, एक कापणारा आणि एक कापून घेणारा. आणि बघा, मालक आला म्हणून सुताराची करवत होत नाही! तो कर्ताच राहतो. आजच्या विषयाची किल्ली एवढीच आहे.

आता डेट्रॉइटला जाऊ. १९६४ साली टेम्प्टेशन्स या गायकवृंदाने 'माय गर्ल' हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. त्याच्या सुरुवातीला गिटारवर सहा सुरांची एक चढती ओळ आहे. गाणं माहीत नसलेल्यांनीही ती कुठेतरी ऐकलेली असते. ती वाजवली रॉबर्ट व्हाइटने. गाण्याचे रचनाकार म्हणून नावं आहेत ती स्मोकी रॉबिन्सन आणि रोनाल्ड व्हाइट यांची. आडनाव सारखं असलं तरी हा माणूस वेगळा. रॉबर्ट व्हाइट मोटाउन कंपनीच्या स्टुडिओतल्या वादकांपैकी एक. या ताफ्याला फंक ब्रदर्स म्हणत. एडी विलिस आणि जो मेसिना हे त्यातलेच आणखी दोन गिटारवादक. साठच्या दशकात मोटाउनची जी गाणी जगभर गाजली, त्यांतल्या बहुसंख्य गाण्यांमागे हाच ताफा होता. पण रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यांची नावं नसत. मोटाउनच्या अल्बमवर त्यांचा ठळक उल्लेख झाला तो १९७१ साली, मार्व्हिन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर.

रॉबर्ट व्हाइटचा एक प्रसंग या वादकांवरच्या २००२ सालच्या माहितीपटात सांगितला आहे. एका हॉटेलात तो जेवायला बसलेला असताना 'माय गर्ल' लागलं. वेटर समोर उभा होता. "हे ऐकतोयस ना..." असं काहीतरी म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि मग मुकाट्याने जेवणाची ऑर्डर दिली. त्याला वाटलं, म्हाताऱ्याची बढाई म्हणून हा पोरगा हसेल. १९९४ मध्ये तो वारला. माहितीपट आला त्यानंतर आठ वर्षांनी.

इथे अन्याय नेमका कोणता झाला? पैसे मिळाले नाहीत असं नाही. तो पगारी वादक होता. अन्याय असा की कर्त्याची गणना करणात झाली. कागदावर लिहिलेली ओळ हुकमाप्रमाणे वाजवणं एक, आणि कॉर्ड्स समोर असताना गाण्याला त्याचा चेहरा देणारी ओळ स्वतः सुचवून वाजवणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात वादक पाणिनीच्या अर्थाने स्वतंत्र असतो. पण हिशोबाच्या वहीत दोघांचा रकाना एकच.

आता याच्या उलट उदाहरण घेऊ. ६ सप्टेंबर १९६८, लंडन. बीटल्सचं काम चालू आहे आणि चौघांत धुसफूसही चालू आहे. जॉर्ज हॅरिसनचं 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स' त्याच्या मनासारखं उतरत नव्हतं. त्याने मित्राला, एरिक क्लॅप्टनला, बोलावलं. क्लॅप्टन कचरला. बीटल्सच्या रेकॉर्डवर बाहेरचं कुणी वाजवत नाही, असं त्याचं म्हणणं. हॅरिसनने सांगितलं की गाणं माझं आहे आणि मला तू हवा आहेस. क्लॅप्टन आला आणि वाजवून गेला. पाहुणा घरात असला की घरातली माणसं जरा नीट वागतात, तसं त्या दिवशी झालं, असं हॅरिसनने पुढे सांगितलं आहे. म्हणजे या पाहुण्याने सूर दिले आणि खोलीतली हवाही बदलली.

गंमत पुढे आहे. वेष्टनावर क्लॅप्टनचं नाव नाही. शिवाय मिक्सिंगच्या वेळी त्याच्या गिटारचा स्वर यंत्राने किंचित डळमळता केला गेला, का, तर तो फार 'क्लॅप्टनसारखा' वाटू नये म्हणून. आणि तशी इच्छा त्याचीच होती! काही महिन्यांनी हॅरिसनने परतफेड केली. क्लॅप्टनच्या क्रीम या बँडच्या 'बॅज' गाण्यात तो वाजवून गेला आणि वेष्टनावर 'लान्जेलो मिस्तेरिओसो', म्हणजे गूढ देवदूत, असं टोपणनाव आलं.

नाव दोन्हीकडे नाही, व्हाइटचंही आणि क्लॅप्टनचंही. तरी दोन्ही गोष्टी एक नाहीत. क्लॅप्टनकडे नाव होतं आणि ते त्याने बाजूला ठेवलं. व्हाइटला ते कुणी देऊच केलं नव्हतं. ज्याच्यापाशी आहे त्यानेच सोडलं तर तो त्याग. ज्याला मिळालंच नाही त्याच्या गप्प बसण्याला आपण विनय म्हणू लागलो, तर ती आपली सोय झाली. हा भेद मनात पक्का ठेवा, कारण सेशन वादकांचं कौतुक करताना आपण नेहमी इथेच घसरतो. 'किती निगर्वी माणसं हो!' असं म्हणून मोकळे होतो.

तिसरं उदाहरण १९८२ सालचं. मायकेल जॅक्सनच्या 'थ्रिलर' अल्बममधलं 'बीट इट'. निर्माता क्विन्सी जोन्स यांनी रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनला बोलावलं. त्याने एक पैसाही घेतला नाही. पण नुसता सोलो वाजवून तो निघून गेला नाही. ज्या भागावर सोलो वाजवायचा त्या भागाची बांधणीच त्याने बदलून घेतली. पाहुणा आला आणि त्याने पाटाची जागा हलवली म्हणा ना! इथे स्वतंत्र कर्ता अगदी डोळ्यांसमोर दिसतो.

त्याच गाण्यात स्टीव्ह लुकाथर नावाचा दुसरा गिटारवादकही आहे. गाण्याचा कणा असलेली रिदम गिटार त्याची आहे, बासही त्याचीच. सोलो कुणाचा हे रस्त्यावरचा पोरगाही सांगेल, लुकाथरचं नाव मात्र गिटारवाल्यांनाच माहीत. म्हणजे कीर्तीची वाटणी कामाच्या प्रमाणात होत नाही. कान जिथे थबकतो तिथे ती जाते, आणि कान कण्यापेक्षा तुऱ्यापाशी थबकतो.

आता प्रयोजकाची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर वाद एकतर्फी होईल. स्टीली डॅन या जोडीचा १९७७ सालचा 'एजा' हा अल्बम. त्यातल्या 'पेग' गाण्याच्या सोलोसाठी त्यांनी एकामागून एक नामवंत गिटारवादक बोलावले. त्यांचं वादन ध्वनिमुद्रित केलं आणि बाजूला ठेवलं. शेवटी जे ग्रेडनचं वादन राहिलं. जोडीतला वॉल्टर बेकर स्वतः उत्तम गिटारवादक, तरी ही मेहनत. काय हवं आहे हे शब्दांत सांगता येत नाही, पण समोर आलं की ओळखता येतं. हे ओळखणं हेही कर्तृत्वच आहे. वाजवून घेणारा आयतोबा नसतो. पण त्याचं कर्तृत्व वाजवणाऱ्याचं कर्तृत्व पुसत नाही. दोन्ही एकत्र नांदतात, आणि पाणिनीने दोघांनाही कर्ता म्हटलं ते याचसाठी.

हे सगळं परदेशातलं झालं. पण आपल्या मुंबईत वेगळं काय होतं? हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओंत दशकानुदशकं शेकडो वादक शिफ्टवर वाजवत आले. त्यांत गोव्याच्या मंडळींचा वाटा फार मोठा. तिथल्या पॅरिश शाळांमध्ये पाश्चात्त्य नोटेशन शिकवलं जाई, त्यामुळे कागद समोर ठेवला की ही मंडळी वाजवू लागत. पडद्यावर नाव संगीतकाराचं यायचं, फार तर सहायकाचं. 'हरे रामा हरे कृष्णा'मधल्या 'दम मारो दम'ची गिटार भूपिंदर सिंग यांची. ते गझलगायक म्हणून प्रसिद्ध झाले म्हणून निदान त्यांचं नाव तरी लोकांना कळलं. जे फक्त वादकच राहिले, त्यांचं काय?

आता एक आक्षेप. तुम्ही म्हणाल, "ठरलेले पैसे घेतले, काम केलं. गवंडी घरावर आपलं नाव लिहितो का?" आक्षेप वजनदार आहे. उत्तर देण्यासाठी तीन गोष्टी वेगळ्या करू : मोबदला, मालकी आणि नाव. मोबदला करारात ठरतो. मालकीही करारात ठरते, आणि सेशन वादकाकडे ती सहसा नसते. हे व्यवहाराचे प्रश्न आहेत, त्यांत घासाघीस होऊ शकते. नावाचं तसं नाही. 'ही ओळ कुणी वाजवली' हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे आणि वस्तुस्थिती विकत घेता येत नाही. पैसे देऊन आपण सूर घेऊ शकतो, पण 'ते सूर याने वाजवले नाहीत' हे खरं करू शकत नाही. भारतात २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने, काही मर्यादा घालून का होईना, सादरकर्त्याला आपली ओळख सांगितली जाण्याचा हक्क दिला, आणि तो त्याने आपला बाकीचा हक्क विकला तरी टिकतो. कायद्याने हा भेद ओळखला, ही चांगली गोष्ट आहे.

मग ऐकणाऱ्या आपण काय करायचं? आवडतं गाणं लावताना प्रश्न तीन विचारा. हे कुणी वाजवलं? कुणी वाजवून घेतलं? आणि वाजवणाऱ्याला किती मोकळीक होती? पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला आता पाच मिनिटं लागतात. शोधा, आणि शेजारच्याला सांगा. रॉबर्ट व्हाइट वेटरला जे सांगू शकला नाही, ते त्याच्या वतीने आपण सांगू शकतो. त्यात बढाई नाही, नुसता खरेपणा आहे.

पुढच्या वेळी आपण भाषांतरकाराकडे वळू. तिथे हाच प्रश्न आणखी अवघड होऊन बसतो.