'-गीर' आणि '-गिरी' : एकाच अंत्याची भिन्न मुळे

शब्दांचे शेवट सारखे दिसले की त्यांचे अर्थही एकाच घरातले असावेत, अशी समजूत सहज होते. शाळेत इंग्रजी शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला 'टीचर' म्हणजे शिकवणारा व 'सिंगर' म्हणजे गाणारा असे सांगितले म्हणजे शेवटचा 'अर' हा कर्त्याचा वाचक होय, हा नियम तो आपण होऊनच बसवितो. पुढे 'फास्टर' या शब्दात तोच 'अर' तुलनेचा वाचक ठरतो आणि 'सिस्टर' या शब्दात तर तो प्रत्ययच नसतो. विद्यार्थ्याचा नियम खोटा नसतो. तो अपुरा असतो. अंत्य एक असले तरी त्यामागील मुळे अनेक असू शकतात, हे तत्त्व मराठीसही तितकेच लागू आहे. त्याचे एक उत्तम उदाहरण मराठवाड्यातील उदगीर या गावाच्या नावातच दडलेले आहे.

बालाघाटाच्या पठारावरील हे गाव मराठी, उर्दू, कन्नड व तेलुगू या चार भाषांच्या सांध्यावर वसले आहे. बहामनी, बरीदशाही व आदिलशाही अशा सत्तांचे अंमल त्याने पाहिले; १६३६ साली त्याचा किल्ला मोगलांनी घेतला; ३ फेब्रुवारी १७६० च्या लढाईत सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केल्यामुळे त्याचे नाव इतिहासात कायमचे कोरले गेले. पुढे हैदराबाद संस्थानात ते बीदर जिल्ह्यात होते, १९५६ साली उस्मानाबाद जिल्ह्यात आले व १९८२ पासून लातूर जिल्ह्यात मोडते. अशा गावाच्या नावात '-गीर' हे अंत्य आढळले म्हणजे ते फारसी की संस्कृत, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी मराठीतील '-गीर' व '-गिरी' या अंत्यांचा एकत्र विचार केला पाहिजे.

(१) 'घेणारा' या अर्थाचा '-गीर'. फारसीत 'गिरिफ्तन्' म्हणजे घेणे, धरणे. या धातूचे 'गीर' हे रूप नामास जोडले म्हणजे 'अमुक घेणारा' किंवा 'अमुक धरणारा' असा अर्थ होतो. 'जहांगीर' व 'आलमगीर' या दोन्ही बादशाही पदव्यांचा अर्थ एकच : जग जिंकून घेणारा. 'दस्तगीर' म्हणजे हात धरणारा, अर्थात संकटात साहाय्य करणारा. 'कुस्तीगीर' हा शब्दही घडलेल्या स्वरूपातच फारसीतून आला आहे. 'बारगीर' म्हणजे मूळचा भार घेणारा. मराठ्यांच्या लष्करात मात्र तो स्वारांचा एक वर्ग झाला. शिलेदार स्वतःचा घोडा आणी. बारगिरास घोडा सरकारातून मिळे. बंगालात मराठ्यांच्या स्वाऱ्या १७४१ नंतर सुरू झाल्या, तेव्हा या शब्दाचेच 'बर्गी' असे रूप तेथील लोकांच्या तोंडी बसले. 'दिलगीर' या शब्दात मात्र अर्थाची दिशा उलटली आहे : येथे मन काही धरीत नाही, मनच दुःखाने धरले गेलेले असते. 'जहागीर' हा शब्द 'जहांगीर' या शब्दाचा सख्खा भाऊ वाटतो. परंतु त्यात 'जहान' म्हणजे जग नसून 'जा' म्हणजे जागा आहे. जागा धरणे, ही जहागिरीची मूळ कल्पना. हैदराबाद संस्थानातील जहागिरी १९४९ साली रद्द झाल्या. शब्द मात्र 'जहागीरदार' या आडनावात टिकून आहे.

या गटातील शब्दांना भाववाचक 'ई' लागली म्हणजे '-गिरी' सिद्ध होते. 'मुलूखगिरी' म्हणजे मुलूख घेणे; 'दिलगिरी' म्हणजे दिलगीर असण्याची अवस्था.

(२) 'करणारा' या अर्थाचा '-गर'. फारसीत 'गर' आणि 'गार' हे कर्तृवाचक प्रत्यय आहेत. मराठीतील 'सौदागर', 'जादूगार', 'गुन्हेगार' या शब्दांत ते उघड दिसतात. 'कारागीर' या शब्दात मात्र ते लपले आहेत. मूळ शब्द 'कारीगर' असा आहे व हिंदीत तो तसाच राहिला आहे. मराठीत त्याचे स्वर उलटसुलट झाले आणि 'गर' याच्या जागी 'गीर' आले. म्हणून कारागीर हा काम 'धरणारा' नव्हे, तर काम 'करणारा' होय. हीच गोष्ट 'शिपाईगिरी' या शब्दाची. फारसीत त्याचे रूप 'सिपाहीगरी' असे आहे. मराठी उच्चारात 'गरी'चे 'गिरी' झाले आणि ते 'मुलूखगिरी'तील 'गिरी'शी एकरूप झाले.

या एकरूपतेनंतर '-गिरी' हा मराठीत स्वतंत्र व जिवंत प्रत्यय बनला. 'वृत्ती', 'पेशा' किंवा 'वागण्याची तऱ्हा' असा त्याचा व्यापक अर्थ झाला व तो कोणत्याही कुळाच्या शब्दास लागू लागला. महात्मा फुले यांनी १८७३ साली आपल्या ग्रंथास 'गुलामगिरी' हे नाव दिले, तेव्हा हा प्रत्यय एका सबंध समाजस्थितीचा भार पेलण्याइतका समर्थ झालेला होता. पुढे 'दादागिरी', 'चमचेगिरी' अशा शब्दांमुळे त्याला निंदेची छटा चढली. २००६ सालच्या एका हिंदी चित्रपटाने 'गांधीगिरी' हा शब्द लोकप्रिय केला, त्यातील गंमत या निंदाव्यंजक छटेवरच आधारलेली आहे : दांडगाईचा प्रत्यय अहिंसेच्या नावास जोडला गेला.

(३) 'पर्वत' या अर्थाचा 'गिरि'. हा संस्कृत शब्द होय; प्रत्यय नव्हे. 'देवगिरी', 'नीलगिरी', 'ब्रह्मगिरी' या नावांत तो समासाचे उत्तरपद म्हणून येतो. शंकराचार्यांच्या परंपरेतील दशनामी संन्याशांच्या दहा नावांत पुरी, भारती, सरस्वती इत्यादींबरोबर 'गिरी' हेही एक नाव आहे. बोलण्यात त्यातील अंत्य इकार लोपतो आणि नावे '-गीर' अशी होतात. पानिपतावर १७६१ साली शुजाउद्दौल्याच्या बाजूने लढलेले गोसावी सरदार अनूपगीर व उमरावगीर यांच्या नावांतील 'गीर' काही जिंकून घेणारा नव्हे. तो पर्वतच आहे. 'जाति' याचे 'जात', 'रीति' याचे 'रीत', 'राशि' याचे 'रास' होते, त्याच वाटेने 'गिरि' याचे 'गीर' झाले.

येथे अशी शंका निघेल की, फारसी 'गीर' यातील ईकार दीर्घ व संस्कृत 'गिरि' यातील इकार ऱ्हस्व. तेव्हा भेद ओळखणे अवघड का असावे? त्याचे कारण मराठीच्या लेखनपद्धतीत आहे. अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार मराठीत दीर्घ लिहिला जातो; म्हणून दोन्ही शब्द 'गीर' असेच लिहिले जातात. सामान्यरूपात तो पुन्हा ऱ्हस्व होतो. म्हणून 'कारागिराने' व 'बारगिरास' अशी रूपे होतात. शब्दान्तीचा इकार दीर्घ लिहावा, हा नियम १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी रूढ केल्यावर 'देवगिरि' व 'गुलामगिरी' यांतील उरलासुरला दृश्य भेदही मावळला. लिपी येथे साक्ष देऊ शकत नाही. शब्दाचा इतिहासच ती देऊ शकतो.

आता उदगीर या नावाकडे वळता येईल. हे नाव फारसी मानले तर त्याचा पूर्वभाग 'ऊद' असा घ्यावा लागेल आणि 'ऊद घेणारा' असा अर्थ पदरी पडेल. ग्रामनाम म्हणून त्यास काहीच आधार नाही. उलट स्थानिक परंपरा हे नाव उदागीर किंवा उदयगिरी या सत्पुरुषाशी जोडते. त्यांचे स्थान किल्ल्यात दाखविले जाते आणि गावातील महाविद्यालयानेही 'उदयगिरी' हेच नाव धारण केले आहे. किल्ला भुईकोट असून खंदकाने वेढलेला आहे. आंध्रातील नेल्लोरकडील उदयगिरीप्रमाणे तो उंच डोंगरावर बांधलेला नाही. तेव्हा या नावातील गिरी भूमीवर शोधण्यापेक्षा गोसाव्याच्या नावात शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. फारसी दप्तराच्या दीर्घ सहवासात 'गीर' हा उच्चार कानास सरावाचा असल्यामुळे हे रूप स्थिर होण्यास मदतच झाली असावी.

या विवेचनाचा खरा निष्कर्ष याच्या थोडा पुढे आहे. फारसी 'गीर' याचे मूळ संस्कृत 'ग्रह्' या धातूशी नाते सांगते. 'दस्त' हा 'हस्त' या शब्दाचा सगोत्र असल्यामुळे 'दस्तगीर' आणि 'पाणिग्रहण' या दोहोंत हात धरण्याची एकच कल्पना आहे. 'गर' व 'गार' यांचे मूळ 'कृ' या धातूशी जुळते. म्हणजे गुन्हेगारातील 'गार' आणि कुंभकारातील 'कार' हे दूरचे आप्त ठरतात. घेणे, करणे आणि पर्वत या तीन वेगळ्या कल्पना, त्यांपैकी दोन इराणातून व एक थेट संस्कृतातून, मराठीत येऊन एका ध्वनीत मिसळल्या. म्हणून एखादे ग्रामनाम वा आडनाव केवळ शेवटावरून 'आपले' किंवा 'परके' ठरविणे शास्त्रास धरून नाही. ज्याला परका म्हणावे तो प्रत्यय जुन्या नात्याचा निघतो, आणि ज्यात विजेता दिसतो त्या नावात एखादा गोसावी बसलेला असतो. अंत्यावरून प्रश्न सुचावा. उत्तर मात्र संपूर्ण शब्दाला, त्याच्या जुन्या रूपांना व तो ज्यांच्या तोंडी वाढला त्या लोकांनाच विचारावे.