पोळीभात सोडून शरीर कमावता येईल?

मुलगा वीस-बावीस वर्षांचा होतो, जिममध्ये जाऊ लागतो आणि महिन्याभरातच जाहीर करतो, ‘‘आई, उद्यापासून मला पोळी नको, भात नको, वरणही नको.’’ मग ताटात काय? चार अंडी, पनीरचा मोठा तुकडा, मूठभर बदाम आणि वर लोण्याचा गोळा! हल्ली अनेक घरांत हे चित्र दिसते. ‘कीटो’ आहाराने चरबी झडते आणि दंडही पीळदार होतात, असे त्याला कुणीतरी सांगितलेले असते. यातला पहिला भाग बराचसा खरा आहे. दुसऱ्या भागाची मात्र नीट तपासणी करायला हवी.

मूळ उपचार फिट्सवरचा

हा आहार शरीरसौष्ठवासाठी निघालेला नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी १९२१ मध्ये तो अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचवला. औषधांना दाद न देणाऱ्या मुलांच्या फिट्ससाठी आजही तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिला जातो.

यात दिवसभराची कर्बोदके साधारण ५० ग्रॅमच्या आत ठेवतात. एका मध्यम पोळीतच १५ ते २० ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे तीन पोळ्यांत दिवसाचा वाटा संपला! साखर-पिष्ट मिळेनासे झाले की यकृत चरबीपासून ‘कीटोन’ नावाचे पदार्थ तयार करते आणि शरीर त्या इंधनावर चालू लागते.

पहिल्या आठवड्याची गंमत

आठवड्याभरात वजनाचा काटा दोन-तीन किलोंनी खाली येतो आणि मुलगा खूश होतो. पण ही सगळी चरबी नव्हे. यकृत आणि स्नायूंत ‘ग्लायकोजेन’च्या रूपाने साखरेचा साठा असतो. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. साठा संपला की ते पाणी निघून जाते. पुन्हा पोळीभात सुरू झाला की तेवढे वजन परत येते.

चरबी घटते, पण स्नायू?

वजने उचलताना स्नायूंना झटपट ताकद लागते आणि ती मुख्यतः याच साठ्यातून मिळते. चरबी हे सावकाश जळणारे इंधन आहे. ते चालण्याला पुरते, पण जड वजनाच्या दहा-बारा आवर्तनांना अपुरे पडते. शिवाय या आहाराने भूक मंदावते. वजन उतरवणाऱ्याला हे वरदानच, पण स्नायू वाढवणाऱ्याला गरजेपेक्षा थोडे जास्तच खावे लागते.

साल्वाडोर व्हार्गास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये याचा प्रयोग प्रसिद्ध केला. नियमित व्यायाम करणाऱ्या २४ पुरुषांवर तो आठ आठवडे चालला. कीटो गटाची चरबी कमी झाली आणि स्नायूही टिकले, पण वाढले नाहीत. स्नायू वाढले ते कर्बोदके खाणाऱ्या गटाचे. थोडक्यात, असलेले स्नायू राखून चरबी उतरवायला हा आहार उपयोगी पडू शकतो. नवे स्नायू घडवायला तो तितकासा कामाचा नाही.

शाकाहारी घरातली अडचण

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. शाकाहारी माणसाला प्रथिने मिळतात ती डाळी, कडधान्ये आणि दूधदुभत्यातून. तीस ग्रॅम तूरडाळीत सुमारे साडेसहा ग्रॅम प्रथिने असतात, पण त्याबरोबर १७ ग्रॅम कर्बोदकेही येतात. साहजिकच कीटोत वरण, उसळ, दूध सारे बाद होते. लोणी-तुपाने पोट भरते, पण त्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. ज्याच्यापासून स्नायू बनायचे तेच ताटातून कमी होते, आणि ती उणीव भरून काढायला महागडे डबे घरात येऊ लागतात.

मग खावे काय?

सामान्य माणसाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. वजने उचलणाऱ्याने १.६ ग्रॅमपर्यंत घ्यावीत. साठ किलोच्या तरुणासाठी हे झाले सुमारे ९६ ग्रॅम. ५० ग्रॅम सोयाबीन वड्या (२५), १०० ग्रॅम पनीर (१८), अर्धा लिटर दूध (१६), दोन वाट्या घट्ट वरण (१३), चार पोळ्या (१३), वाटीभर दही (५) आणि मूठभर शेंगदाणे (७) इतक्यातच हा हिशेब पूर्ण होतो. अंडी-चिकन चालत असेल तर काम आणखी सोपे. जोडीला हळूहळू वाढत जाणारी वजने आणि सात-आठ तासांची झोप हवीच.

वजन फारच जास्त असेल आणि काही काळ कीटो करायचाच असेल, तर आधी डॉक्टर व आहारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणारे, मूत्रपिंड वा यकृताचे रुग्ण, गर्भवती आणि स्तनदा माता यांनी तर आपल्या मनाने हा प्रयोग मुळीच करू नये. मधुमेहाच्या काही गोळ्यांबरोबर हा आहार घेतल्यास रक्तातील आम्लता धोकादायक पातळीला जाऊ शकते.

घरातला तरुण पोळी नको म्हणू लागला, तर त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा शांतपणे एकच प्रश्न विचारावा : तुला वजन उतरवायचे आहे की अंग भरायचे आहे? अंग भरायचे असेल, तर पोळी राहू द्यावी आणि वरणाची एक वाटी वाढवावी.