मांडवीकाठच्या जुन्या घरी पाहुणे

भाऊबीज आटोपली, फराळाचे डबे तळाला लागले, की निगडी-चिंचवडच्या घराघरांतून एकच विषय निघतो. उरलेल्या सुटीत जायचे कुठे? बहुतेक ठिकाणी उत्तर येते, गोवा! मग समुद्रकाठचे एखादे मोठे हॉटेल, दोन दिवस वाळू, दोन दिवस देवदर्शन, आणि सोमवारी पहिल्या पाळीला हजर. राजधानीचे पणजी शहर मात्र वाटेवरचा थांबा म्हणूनच बघितले जाते. पणजीत चार दिवस मुक्काम करणे ही किती सुखाची गोष्ट आहे, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

मुक्काम करायचा तो फोंतेन्हास या मोहल्ल्यात. इथे जुन्या घरांची लहान हॉटेले झाली आहेत. त्यांना हल्ली 'बुटिक हॉटेल' म्हणतात. बुटिक म्हटले की आपल्या गृहिणींना शिवणाचे दुकान आठवते, आणि ते फारसे चुकीचेही नाही. तयार कपडा आणि अंगाबरहुकूम शिवलेला कपडा यांत जो फरक, तोच इथे. दहा-बाराच खोल्या, आणि एकीसारखी दुसरी नाही. लिफ्टची अपेक्षा ठेवू नये. लाकडी जिना कुरकुरतो. गुडघे दुखणारी वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर तळमजल्याची खोली आधीच मागून घ्यावी. सज्जात बसून चहा घेताना सायकलवरच्या पोदेराचा भोंगा ऐकू येतो आणि ताजी पोई दारात येते. भोंगा म्हणजे कारखान्याचाच, असे मानणाऱ्या आपल्या मुलांना ही मोठीच मौज वाटते.

एकतीस जानेवारी रस्त्यावरचे 'पंजिम इन' हे असेच एकोणिसाव्या शतकातले घर. त्याच्या जोडीचे 'पंजिम पौसादा' मधल्या चौकाभोवती बांधलेले आहे. पौसादा म्हणजे पोर्तुगीजांत उतारशाळा. तिथला चौक पाहून आपल्याला आपला वाडाच आठवावा!

या वस्तीची कथाही ऐकण्यासारखी आहे. रोगराईने जुने गोवे ओस पडत गेले आणि १८४३ साली पणजी रीतसर राजधानी झाली. आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी, खाडीलगत माडांची बाग होती. मोझांबिकहून परतलेला एक गृहस्थ तिचा मालक, म्हणून लोक त्याला 'मोसमीकार' म्हणत. टेकडीखालच्या झऱ्यावरून फोंतेन्हास हे नाव पडले. पांढरा रंग देवळाचा, घरांनी रंगीत असावे, असा त्या काळचा दंडक सांगतात. म्हणून ही घरे आजही पिवळी, निळी, तांबडी!

कलेची आवड असणाऱ्यांना तर पायीच पुष्कळ पाहता येते. मेनेझेस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जोर्ज कोलासो यांनी १९३५ साली रंगविलेल्या निळ्या फरश्या आहेत. जुन्या सचिवालयाजवळ आबे फारिया यांचा पुतळा आहे. तो रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविला आणि १९४५ साली उभा राहिला. मांडवीपलीकडे पर्वरीच्या झेवियर संशोधन केंद्रात आंजेलो द फोन्सेका यांची चित्रे आहेत. हा गोमंतकीय चित्रकार आपल्या पुण्याचाही. त्यांची साडी नेसलेली मेरीमाता गोव्यात काहींना रुचली नाही. ते पुण्यास आले, ख्रिस्त प्रेमसेवा संघाच्या आश्रमात राहिले आणि १९६७ साली वारले. त्यांची चित्रे मात्र माहेरी परतली.

आता थोडे स्पष्ट बोलू. समुद्रावरच्या दमट वाऱ्यात जुने घर टिकविणे म्हणजे हत्ती पोसणे. दर पावसाळ्याआधी कौले चाळायची, ओल आलेल्या भिंतींची डागडुजी करायची, वाळवीवर नजर ठेवायची. वारस पांगलेले असले की घर विकण्याकडेच मन वळते. पाहुण्यांच्या भाड्यातून कौलांचा खर्च निघाला तर ते उभे राहते. म्हणजे खोलीचे पैसे मोजताना आपण त्या डागडुजीलाही हातभार लावीत असतो.

परंतु या उपकाराचा तोरा मिरवू नये. शेजारच्या घरांत माणसे राहतात. त्यांच्या उंबऱ्यावर बसून, दाराला टेकून फोटो काढणाऱ्यांची इतकी गर्दी होऊ लागली की रहिवाशांना मनाईच्या पाट्या लावाव्या लागल्या. दुपारी घरात कुणी आजारी असेल, कुणी झोपले असेल, याचे भान कोणाला? आपल्या सोसायटीच्या जिन्यात अनोळखी मंडळी अशी बसली, तर आपण काय करू, हा प्रश्न स्वतःला विचारावा. विचारून फोटो काढावा, हळू बोलावे, एवढे पथ्य पुरे.

आपल्याकडे १९५४ साली पिंपरीला पेनिसिलीनचा कारखाना आला, १९७० साली नगरपालिका झाली, आणि चाळीस वर्षांची इमारत आपल्याला जुनाट वाटू लागली. मोरया गोसावींच्या चिंचवडात आणि चाकणच्या पेठेत अजून काही जुनी घरे तग धरून आहेत. पणजीहून परतल्यावर त्यांपैकी एखाद्या दिंडी दरवाजापुढे मुलांना जरूर उभे करा. हे घर कोणी राहते ठेवील का, असे त्यांनी आपणहून विचारले, तर सहलीचा खर्च वसूल झाला असे खुशाल समजावे.