एचआयव्ही आणि होणारं बाळ : दिवस राहण्याआधीच बोलायला हवं

‘फॅमिली प्लॅनिंग’ म्हटलं की आपल्या घरांत लगेच ऑपरेशन आठवतं आणि विषय बंद होतो. पण नवरा-बायकोपैकी कुणाला एचआयव्ही असेल, तर नियोजन म्हणजे ‘मूल नको’ नव्हे. मूल कधी, हे ठरवणं. बाळाची तब्येत त्यावरच आहे.

आईला एचआयव्ही आहे आणि उपचार नाहीत, तर गरोदरपण, बाळंतपण आणि अंगावर पाजणं या काळात बाळाला लागण होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के असते. वेळेवर एआरटी घेतली तर ती 5 टक्क्यांच्या खाली येते. या गोळ्या विषाणू दाबतात, मात्र त्याला काही महिने लागतात. म्हणून आधी औषध नियमित, मग व्हायरल लोडची तपासणी, मग डॉक्टरांना विचारून दिवस राहू द्यायचे.

तोपर्यंत काय? सहाबा अज़्ल करत, हे हदीसमध्ये आहे आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना ते माहीतही असतं. पण अज़्लने एचआयव्ही थांबत नाही. तांबी, अंतरा इंजेक्शन किंवा माला-एनच्या गोळ्यांनीही नाही, त्या फक्त गर्भ रोखतात. दोन्ही रोखतो तो निरोध. तो हवाच, सोबत तांबी असेल तर आणखी बरं. एचआयव्हीच्या काही औषधांमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो, तेव्हा काय चालू आहे ते डॉक्टरला सांगा. नेमक्या याच ठिकाणी आपल्या बायका गप्प बसतात, आणि सासू सोबत असेल तर विचारूच नका!

तपासणी दोघांची व्हावी. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर महामार्ग मिळतात, आपली कितीतरी मुलं गाडीवर असतात. पण घरी बसलेल्याला हा आजार होत नाही, असं मुळीच नाही.

दिवस आधीच राहिले असतील तरी घाबरायचं नाही. 2014 पासून सरकारी दवाखान्यात प्रत्येक बाधित गरोदर बाईला एआरटी मोफत आणि कायमची सुरू करतात. बाळाला जन्मताच औषध, सहाव्या आठवड्याला पहिली तपासणी, शेवटची अठराव्या महिन्यात.

बदनामीची भीती सगळ्यात मोठी. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि नाव गुप्त ठेवावं लागतं. जळगाव-धुळ्याच्या सिव्हिलमध्ये तपासणी मोफत होते. आधी नुसतं विचारायचं असेल तर 1097 वर फोन करा, पैसे लागत नाहीत.