गुंतागुंतीनंतरचे तास

शस्त्रक्रियेचे यश शल्यचिकित्सकाच्या हातावर अवलंबून असते, हा समज इतका रुळलेला आहे की रुग्णाचे नातेवाईक रुग्णालयाची चौकशी करण्याआधी डॉक्टरांचे नाव विचारतात. गेल्या शतकभरातील संशोधनाने हा समज खोटा ठरवलेला नाही. मात्र तो किती अपुरा आहे, हे आकड्यांनिशी दाखवून दिले आहे.

आकडे मांडण्याचा आग्रह सुरुवातीच्या काळात धरला तो बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी. प्रत्येक रुग्णाची उपचारानंतर दीर्घकाळ विचारपूस करावी, उपचार सफल झाला की नाही ते पाहावे आणि झाला नसेल तर का झाला नाही याची नोंद ठेवावी, एवढीच त्यांची मागणी होती. रुग्णालयातील बढत्या परिणाम पाहून नव्हे तर सेवाज्येष्ठतेनुसार दिल्या जातात, याच्या निषेधार्थ त्यांनी १९१४ मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचा राजीनामा दिला. स्वतःच्या छोट्या रुग्णालयातून १९११ ते १९१६ या काळात घरी गेलेल्या ३३७ रुग्णांच्या बाबतीत झालेल्या १२३ चुका त्यांनी छापून प्रसिद्ध केल्या, आणि चूक कौशल्याची होती, निर्णयाची होती, निदानाची होती की साधनांच्या अभावाची, हेही वेगळे करून सांगितले. या प्रांजळपणाची किंमत त्यांना मानसन्मान गमावून मोजावी लागली. १९४० मध्ये ते निवर्तले आणि त्यांच्या थडग्यावर नावाची शिळा बसली ती थेट २०१४ मध्ये.

कॉडमन यांची कल्पना मोठ्या प्रमाणावर अमलात आली ती अमेरिकेतील माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत. तेथील शस्त्रक्रियांचे परिणाम राष्ट्रीय सरासरीशी ताडून पाहावेत आणि तसे करताना रुग्णांच्या आजाराची तीव्रता विचारात घ्यावी, असा कायदा १९८५ मध्ये झाला; परंतु अशी सरासरीही उपलब्ध नव्हती आणि तीव्रता मोजण्याची रीतही. ती रीत घडवण्यासाठी शुक्री खुरी यांच्या नेतृत्वाखाली १९९१ पासून ४४ रुग्णालयांत प्रशिक्षित परिचारिकांनी नोंदी गोळा केल्या. मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार असलेला ऐंशी वर्षांचा वृद्ध आणि धडधाकट तरुण यांना एकाच मापाने मोजले, तर अवघड रुग्ण स्वीकारणारे रुग्णालयच वाईट ठरेल. म्हणून रुग्णाच्या मूळ प्रकृतीवरून अपेक्षित मृत्यूंची संख्या काढायची आणि प्रत्यक्ष संख्येची तिच्याशी तुलना करायची, असे या पद्धतीचे सूत्र आहे. पुढील सुमारे दहा वर्षांत या रुग्णालयांतील शस्त्रक्रियेनंतरच्या ३० दिवसांतील मृत्युदर २७ टक्क्यांनी घटला. याचे सगळे श्रेय मोजणीला देणे मात्र योग्य होणार नाही, कारण त्याच काळात वैद्यकशास्त्रही पुढे सरकत होते. शिवाय अशा मोजणीत सहभागी झालेल्या आणि न झालेल्या रुग्णालयांच्या सुधारणेत लक्षणीय फरक नाही, असे २०१५ मधील अभ्यासांत दिसून आले.

तरीही अशाच नोंदींतून एक अनपेक्षित गोष्ट हाती लागली, आणि या संशोधनातील सर्वांत मोलाचा भाग बहुधा तोच आहे. अमीर गफेरी, जॉन बर्कमायर आणि जस्टिन डिमिक यांनी २००९ मध्ये ८४,७३० रुग्णांच्या नोंदी तपासल्या. सर्वांत कमी मृत्युदराच्या रुग्णालयांत ३.५ टक्के रुग्ण दगावले होते, तर सर्वांत जास्त मृत्युदराच्या रुग्णालयांत ६.९ टक्के, म्हणजे जवळजवळ दुप्पट. मग दुसऱ्या गटात गुंतागुंतही दुप्पट होत असेल, अशी कोणाचीही अटकळ असणार. पण तिचे प्रमाण अनुक्रमे २४.६ आणि २६.९ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच निघाले. खरा फरक त्यानंतर पडत होता: गंभीर गुंतागुंत झालेल्यांपैकी पहिल्या गटात १२.५ टक्के आणि दुसऱ्या गटात २१.४ टक्के रुग्ण वाचू शकले नाहीत. गुंतागुंत झाल्यावर रुग्णाला वाचवता न येणे, याला संशोधक ‘बचावातील अपयश’ म्हणतात.

हे अपयश कसे घडते, ते आतड्याच्या शस्त्रक्रियेवरून समजते. जोडलेल्या आतड्याचा सांधा कुशल हातांनी घातला तरी कधीकधी गळतो. तेव्हा रक्तदाब कोसळण्याच्या बऱ्याच आधी नाडी जलद होते, श्वास वाढतो आणि लघवी कमी होते. या खुणा बहुतेक वेळा शल्यचिकित्सकाला नव्हे, तर रात्रपाळीच्या परिचारिकेला दिसतात. तिच्याकडे किती रुग्ण आहेत, वरिष्ठांना मध्यरात्री उठवण्याची तिला मोकळीक आहे की धास्ती, आणि अतिदक्षता विभागात खाट मिळते का, यांवर पुढचे सारे अवलंबून असते. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांच्या अभ्यासात असे आढळले की एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की मृत्यूची शक्यताही सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसते. हा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला.

ब्रिटनमध्ये २०१२ पासून वापरात आलेली पूर्वसूचना गुणपद्धती वरिष्ठांना उठवण्याच्या या धास्तीवर थेट उपाय करते. श्वास, नाडी, रक्तदाब, तापमान, रक्तातील प्राणवायू आणि शुद्धी यांच्या नोंदींना गुण दिले जातात. बेरीज पाचवर गेली की डॉक्टरांनी तातडीने येऊन रुग्णाला तपासायचे, सातवर गेली की आणीबाणी समजायची. परिचारिकेला आपली शंका पटवून देत बसावे लागत नाही. ती फोनवर बेरीज सांगते.