कोल्हापुरी चप्पल घेण्याआधी किती चौकशी करावी?

नकली घड्याळ घेणारा माणूस सहसा फसलेला नसतो. स्वित्झर्लंडच्या नामांकित कंपनीचं नाव असलेलं घड्याळ दोन हजारांत मिळतंय म्हणजे ते खोटं आहे, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक असतं. त्याची सगळी चौकशी नक्कल किती हुबेहूब साधली आहे एवढ्यापुरतीच असते. असा माल विकणाऱ्याला मात्र 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्याने सहा महिने ते तीन वर्षांची कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. म्हणून अशा घड्याळाची चौकशी करण्यात वेळ घालवूच नये, असं माझं मत आहे.

कोल्हापुरी चपलेचं गिऱ्हाईक वेगळं. ते अस्सल वस्तू घ्यायला आलेलं असतं, अस्सल वस्तूचे पैसे मोजतं आणि पुष्कळदा रेक्झिनचे पट्टे आणि फोमचा तळ घेऊन घरी जातं. चौकशी तेही करतं, पण भलत्याच गोष्टींची. त्यामागे काही पक्के बसलेले गैरसमज आहेत.

“दुकान कोल्हापुरात आहे, म्हणजे माल कोल्हापुरी”

अंबाबाईचं दर्शन घेऊन महाद्वार रोडवर आलेल्या किंवा शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाईनमध्ये शिरलेल्या पाहुण्याला असं वाटणं स्वाभाविक आहे. या बाजारात पिढ्यान् पिढ्या चामड्याचं काम करणाऱ्यांची दुकानं आहेत, हे खरं. पण त्याच फळीवर बाहेरून आलेला, साच्यातून काढलेला सिंथेटिक मालही लटकलेला असतो. एकाच दुकानात दोन्ही असू शकतात आणि दुकानदार ते लपवतोच असंही नाही. सरळ विचारलं तर बहुतेक जण खरं सांगतात. पाटीवरचं गावाचं नाव दुकानाबद्दल सांगतं. चपलेबद्दल चपलेलाच विचारावं लागतं.

“अथणी-निपाणीची चप्पल म्हणजे डुप्लिकेट”

हा गैरसमज खुद्द कोल्हापुरात सर्वांत जास्त आढळतो आणि मला तो सर्वांत अन्यायाचा वाटतो. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाल्याचं 2019 मध्ये जाहीर झालं. त्यासाठीचा अर्ज 2009 चा आणि तो दोन राज्यांचा मिळून होता: महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ, म्हणजे लिडकॉम, आणि कर्नाटकचं डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास महामंडळ, म्हणजे लिडकर. मानांकनाच्या कक्षेत आठ जिल्हे येतात. इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर.

या दोन राज्यांमधली सीमा 1956 ची. धंदा तिच्या कितीतरी आधीचा. अथणी, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातले कारागीर कोल्हापूरच्या बाजारासाठीच चपला करत आले. वेणी विणणं, पट्टे शिवणं ही कामं तिथे घरोघरी बायका करतात. कोल्हापुरात विकल्या जाणाऱ्या चांगल्या चपलांतल्या पुष्कळशा त्यांच्या हातच्या असतात. तेव्हा “ही अथणीची आहे” असं दुकानदाराने सांगितलं तर त्याने प्रामाणिकपणे मूळ सांगितलं असं समजावं. कोल्हापूर जिल्ह्यातही प्रत्येक भागाची वेगळी ओळख होती. कागल तालुक्यातल्या सेनापती कापशीच्या नावावरून ‘कापशी’ चप्पल ओळखली जाते, ती याच कारणाने.

याला जोडूनच आणखी एक समजूत असते, की चामडंही कोल्हापूरचंच हवं. तसं बंधन नाही. तयार वस्तूच्या बाबतीत तिचं उत्पादन, प्रक्रिया किंवा तयारी यांपैकी एक काम त्या प्रदेशात व्हावं, एवढीच भौगोलिक मानांकन कायद्याची अपेक्षा आहे. एके काळी कोल्हापुरात कातडी कमावण्याचं काम मोठं होतं. ते ढोर समाजातले कारागीर करत आणि चप्पल बांधण्याचं काम चर्मकार समाजातले. आता स्थानिक कमाई बरीच आटली आहे. चेन्नई, कोलकात्याकडून कमावलेलं चामडं येतं. महाराष्ट्रात 2015 पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि कारागिरांची भिस्त मुख्यतः म्हशीच्या चामड्यावर आली. म्हशीचं जाड चामडं तळाला आणि मऊ बकऱ्याचं वेणीला वापरलेली जोडी पूर्णपणे अस्सल असते.

“करकर वाजली की अस्सल”

आवाजाची हौस जुनी आहे आणि ती हौस म्हणून मला मान्य आहे. पण आवाज येतो तळातल्या चामड्याच्या थरांच्या घर्षणातून आणि हवा असेल तर तो मुद्दाम आणता येतो. शांतपणे चालणारी चप्पलही उत्तम असू शकते. वासाचंही तेच. चामड्याचा वास सिंथेटिक मालाला लावता येतो. जाळून पाहण्याची युक्ती बरोबर आहे, कारण चामडं जळलं की केस जळल्यासारखा वास येतो आणि प्लॅस्टिक वितळून गोळा होतं. पण दुकानात काडी ओढायला कोण देणार?

खरी खूण कडेला सापडते. पट्ट्याची कापलेली कड नखाने जरा उलगडून पाहावी. चामडं असेल तर आतून दाट, गुंतलेले तंतू दिसतात. रेक्झिन असेल तर वर प्लॅस्टिकचा पापुद्रा आणि खाली कापडाची वीण. चामड्याचा चुरा चिकटवून केलेला तक्ताही बाजारात आहे आणि तो फसवतो. त्याची कड सारखी, घट्ट पुठ्ठ्याची असावी तशी दिसते आणि वाकवल्यावर बारीक भेगा पडतात.

ते चामडं कशाने कमावलं आहे, हा पुढचा प्रश्न. कोल्हापुरीची सगळी ओळख वनस्पतींनी कमावलेल्या चामड्यावर उभी आहे. कातडं चुन्यात ठेवून केस काढायचे, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवायचं. जुन्या पद्धतीत कातड्याचीच पिशवी शिवून त्यात सालीचं पाणी भरत आणि ती टांगून ठेवत, म्हणजे रस आतून बाहेर झिरपत राही. याला आठवड्यांमागून आठवडे लागतात. क्रोमच्या क्षारांनी कमावणं फार लवकर होतं, पण त्या चामड्याच्या कापलेल्या कडेत बहुधा निळसर करडी छटा उरते. सालीने कमावलेलं चामडं आरपार तपकिरी असतं. त्यावर जाड रंग किंवा पॉलिशचा थर नसेल तर पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. तो हळूहळू शोषला जातो आणि तिथे गडद डाग दिसतो, जो वाळल्यावर फिका होतो. प्लॅस्टिकवर थेंब मण्यासारखा घरंगळतो.

आणि शिलाई. चप्पल उलटी करावी. पारंपरिक कोल्हापुरीत खिळा नसतो. तळाचे थर चामड्याच्या वादीने, आरीने भोकं पाडून, हाताने शिवलेले असतात. हाताच्या टाक्यांत किंचित कमीजास्तपणा दिसतो. काही साच्यांच्या चपलांवर टाक्यांची नुसती छाप उठवलेली असते. तिथे बोट फिरवलं की दोरा लागतच नाही. तळ नुसता डिंकाने चिकटवलेला असेल तर कडेला फट दिसते किंवा वाळलेल्या डिंकाची चमक. ही पाहणी दोन मिनिटांची आहे आणि माझ्या मते एवढी दोन मिनिटं प्रत्येक गिऱ्हाइकाने द्यावीत.

रबरी तळ दिसला की लगेच ‘नकली’ म्हणू नये, हेही सांगायला हवं. पावसाळ्यासाठी, शहरातल्या गुळगुळीत फरशीसाठी काही कारागीर चामड्याच्या तळाखाली रबराची पट्टी लावून देतात. ती सोय आहे. वरचं चामडं आणि शिलाई खरी असेल आणि दुकानदाराने तसं सांगितलं असेल तर त्यात फसवणूक नाही.

“मानांकन मिळालं, आता नक्कल कोण करणार?”

मानांकन म्हणजे आपोआप पहारा देणारी यंत्रणा नव्हे. 1999 चा भौगोलिक मानांकन कायदा 15 सप्टेंबर 2003 पासून लागू झाला. त्यात खोटं मानांकन वापरणाऱ्याला नकली घड्याळवाल्याइतकीच, सहा महिने ते तीन वर्षांच्या कैदेची आणि 50 हजार ते 2 लाख दंडाची शिक्षा आहे. पण त्याचा उपयोग व्हायला कोणीतरी तक्रार घेऊन उभं राहावं लागतं आणि कारागिराने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःची वेगळी नोंदणी करावी लागते. मानांकन समूहाला मिळालं म्हणून सुभाषनगर किंवा जवाहरनगरात घरी चपला बांधणाऱ्या प्रत्येकाचं नाव त्या यादीत आपोआप चढत नाही.

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा हाच गैरसमज मोठ्या प्रमाणावर दिसला. “मानांकन असताना असं कसं केलं?” असा सगळ्यांचा प्रश्न होता. संताप योग्यच होता. कोल्हापूरचं नावही न घेता त्या चपला ‘चामड्याच्या सँडल’ म्हणून मंचावर आल्या होत्या. पण हे मानांकन भारतात नोंदलेलं आहे आणि ते मुख्यतः नावाचं रक्षण करतं. इटलीत, नाव न वापरता, तशाच घडणीची चप्पल करणाऱ्याला या कायद्याने रोखणं अवघड होतं. युरोपीय संघात तर हस्तकलांना संघपातळीवर असं संरक्षण देणारा नियमच 1 डिसेंबर 2025 पासून लागू झाला. त्याआधी ते शेतमाल, खाद्यपदार्थ, वाइन, मद्य यांच्यापुरतं होतं. मुंबई उच्च न्यायालयानेही जुलै 2025 मध्ये या प्रकरणातली जनहित याचिका फेटाळली, कारण याचिकाकर्ते मानांकनाचे नोंदणीकृत मालक नव्हते.

बदल घडला तो लोकांच्या आवाजामुळे. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र पाठवलं, प्राडाने चपलांची प्रेरणा भारतीय कारागिरीतली असल्याचं मान्य केलं, त्यांचं पथक कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटलं आणि डिसेंबर 2025 मध्ये लिडकॉम आणि लिडकर यांच्याशी करार झाला. या दोन राज्यांत 2,000 जोड बनवून ते सुमारे 800 युरोंना विकायचे, असं ठरलं. ही गोष्ट मी एवढ्यासाठी सांगतो, की जगातल्या श्रीमंत कंपनीलाही शेवटी ‘ही कुणी केली?’ या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं. आपल्या गल्लीतल्या दुकानात तो प्रश्न विचारायला आपण का कचरावं?

“क्यूआर कोड नाही, म्हणजे खोटी”

लिडकॉमने 2025 मध्ये कोल्हापुरीसाठी क्यूआर कोडची सोय पुढे आणली. कोड मोबाइलवर वाचला की कारागिराचं नाव, ठिकाण, चामडं यांची माहिती मिळते. चांगलं पाऊल आहे, पण अजून प्रत्येक कारागिरापर्यंत ते पोहोचलेलं नाही. कोड नसलेली, घरात बांधलेली उत्तम चप्पल तुम्हाला मिळू शकते. उलट कोडचं चिकटवलेलं चित्र कोणीही छापू शकतो, म्हणून तो वाचून पाहावा आणि उघडलेली माहिती हातातल्या जोडीशी जुळते का, हे तपासावं.

“महाग तीच चांगली”, “चावली म्हणजे वाईट”

पहिल्याबद्दल एवढंच, की चकचकीत दालनातल्या किमतीत दालनाचं भाडं असतं. मात्र फारच स्वस्त जोडीबद्दल संशय घ्यावा. आठवडेच्या आठवडे मुरलेलं चामडं आणि दिवसभराची हातशिलाई प्लॅस्टिकच्या स्लिपरच्या भावात बसूच शकत नाही.

चावण्याचं कारण सालीने कमावलेल्या चामड्याच्या ताठपणात आहे. नवी जोडी जराशी घट्ट घ्यावी, थोडा थोडा वेळ वापरावी, अंगठ्याला आणि पट्ट्याला आतून तेलाचा हात द्यावा. चामडं पायाचा आकार घेतं. भिजली तर उन्हात किंवा शेगडीजवळ न ठेवता सावलीत वाळवावी, नाहीतर ती कडक होऊन तडकते. सिंथेटिक पट्टा पहिल्या दिवशी मऊ लागतो, पण पायाशी त्याची ओळख कधीच होत नाही.

मग चौकशी किती करायची?

आठ दिवस इंटरनेट धुंडाळण्याची गरज नाही. कड पाहा, तळ उलटून शिलाई पाहा, आणि तीन प्रश्न विचारा: कुणी बांधली, कुठे बांधली, चामडं कशाचं. जाणकार दुकानदार न अडखळता उत्तर देतो. कित्येकदा कारागिराचं नाव आणि गल्लीही सांगतो. ऑनलाइन घेताना ‘कोल्हापुरी’ आणि ‘कोल्हापुरी स्टाइल’ यांतला फरक पाहा, तळाचा आणि कडेचा फोटो मागा, विक्रेत्याचा पत्ता आणि माल परत घेण्याची अट वाचा.

पैसे देण्याआधी आणखी एक करा. बिलावर ‘अस्सल चामडं, हातशिलाई’ एवढे शब्द लिहून मागा. खात्री असलेला विक्रेता ते लिहून देतो. लिहायला टाळाटाळ झाली तर शेजारचं दुकान पाहावं. लिहून देऊनही माल खोटा निघाला तर ते बिल घेऊन आधी दुकानात जावं. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते. तिथे तुमच्या बाजूने बोलणारा पहिला पुरावा म्हणजे तो कागद.