‘अनलिमिटेड’चे माप

मगरिबची नमाज झाली आहे. सेनगावातल्या एखाद्या घरी मुलगी मोबाइलवर अभ्यासाला बसते आणि व्हिडिओ गोल गोल फिरत राहतो. “परवाच तर अनलिमिटेडचा रिचार्ज केला होता!” अब्बू चिडतात.

मेख इथेच आहे. अमर्याद असतात ते कॉल. रोज दीड जीबीच्या 28 दिवसांच्या पॅकमध्ये वेगवान नेट एकूण 42 जीबीच मिळते. रोजचा कोटा संपला की वेग अनेक पॅकमध्ये 64 केबीपीएसवर येतो. या वेगाने 10 एमबीची पीडीएफ उतरायला वीस मिनिटांहून जास्त लागतात. नेट बंद पडत नाही, एवढ्यावरच ‘अनलिमिटेड’ शब्द तगून राहतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. हळद-सोयाबीन पिकवणाऱ्या आपल्या तालुक्याला याचा अर्थ सांगायला नको. जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत असते ती हीच ओल.

केंद्र सरकारच्या जून 2022च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तळटीप दाव्याच्याच भाषेत हवी आणि तिने मूळ दावा खोडून काढता कामा नये. म्हणून रिचार्जआधी विचारा: रोज किती जीबी, त्यानंतर वेग किती, मुदत किती दिवसांची? फसवणूक झाली असे वाटल्यास जाहिरातीचा फोटो आणि रिचार्जचा मेसेज जपून ठेवा व 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

आणि आपलेही दुकान असेल, तर ओले धान्य वरच ठेवा.